युरोव्हिजन ५ वेळा जिंकणारा गोव्याहून लहान देश; पण पाचपैकी एकही विजेता त्याचा स्वतःचा का नव्हता?

गोव्याचं क्षेत्रफळ आहे ३,७०२ चौरस किलोमीटर. युरोपातला लक्झेंबर्ग हा देश त्याहूनही लहान, म्हणजे २,५८६ चौरस किलोमीटर. लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास. फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम या तीन देशांच्या बेचक्यात बसलेला हा देश बँका आणि श्रीमंतीसाठी ओळखला जातो. गाण्यांसाठी त्याचं नाव सहसा कुणी घेत नाही.

पण युरोपातल्या सगळ्यात मोठ्या गाण्याच्या स्पर्धेचा, म्हणजे युरोव्हिजनचा गुणतक्ता काढून बघा. २०२५ पर्यंत आयर्लंड आणि स्वीडन प्रत्येकी ७ विजयांसह सगळ्यात पुढे आहेत. त्यांच्या मागोमाग ५ विजयांवर चार देश आहेत : ब्रिटन, फ्रान्स, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग. इटलीच्या खात्यात ३ विजय आहेत, जर्मनी आणि स्पेनच्या खात्यात २-२.

आता खरी गंमत. लक्झेंबर्गसाठी जिंकलेल्या पाच गायकांपैकी चार जण फ्रेंच होते आणि एक जण ग्रीक. लक्झेंबर्गचा त्यात एकही नव्हता. पुढे १९९३ नंतर हा देश स्पर्धेतून गायब झाला आणि थेट २०२४ मध्ये परत आला.

एवढासा देश पाच वेळा जिंकला कसा, मग गायब का झाला आणि परत आल्यावर त्याला नेमकं काय हवंय? सगळं सविस्तर समजून घेऊ.

आधी युरोव्हिजनचा हिशोब समजून घ्या

युरोव्हिजन सुरू झाली १९५६ मध्ये, स्वित्झर्लंडच्या लुगानो शहरात. पहिल्या वर्षी ७ देश होते आणि त्यात लक्झेंबर्गही होता. आता दरवर्षी ३५ ते ४० देश भाग घेतात. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो. मग प्रत्येक देशाचे परीक्षक आणि प्रेक्षक इतर देशांच्या गाण्यांना गुण देतात. सगळ्यात आवडलेल्या गाण्याला १२, दुसऱ्याला १०, मग ८ पासून १ पर्यंत. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही.

यात लहान देशांच्या फायद्याची एक गोष्ट आहे. जर्मनीची लोकसंख्या ८ कोटींच्या वर आहे, पण जर्मनीच्या १२ गुणांचं वजन आणि लक्झेंबर्गच्या १२ गुणांचं वजन सारखंच. इथे देशाचा आकार मोजला जात नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, आणि या सगळ्या गोष्टीची चावी तीच आहे. युरोव्हिजनमध्ये देशांची सरकारं भाग घेत नाहीत. भाग घेतात त्या देशांमधल्या प्रसारण संस्था. ब्रिटनकडून बीबीसी उतरते, तशी लक्झेंबर्गकडून आरटीएल ही कंपनी. कुणाला पाठवायचं, कोणत्या भाषेतलं गाणं पाठवायचं, किती पैसे खर्च करायचे, हे त्या संस्था ठरवतात. आणि गायक त्याच देशाचा नागरिक असला पाहिजे, असा स्पर्धेचा नियम नाही. १९८८ मध्ये स्वित्झर्लंडला जिंकून देणारी सेलीन डिऑन कॅनडाची होती.

पाच विजय, पाच पाहुणे

लक्झेंबर्गचा पहिला विजय १९६१ चा. फ्रेंच अभिनेता आणि गायक जाँ-क्लोद पास्कालने तो मिळवून दिला.

दुसरा विजय १९६५ चा, आणि तो स्पर्धेच्या इतिहासात सगळ्यात जास्त चर्चिल्या गेलेल्या विजयांपैकी एक आहे. गायिका होती १७ वर्षांची फ्रान्स गाल. नावातच 'फ्रान्स' असलेली ही पॅरिसची मुलगी लक्झेंबर्गकडून गायली. गाणं लिहिलं होतं सर्ज गेन्सबूरने, जो पुढे फ्रेंच संगीतातलं सगळ्यात वादग्रस्त आणि सगळ्यात मोठं नाव बनला. 'पुपे द सिर, पुपे द सों' हे त्या गाण्याचं नाव. त्या काळात युरोव्हिजन म्हणजे वाद्यवृंदासोबत गायलेली संथ, गंभीर प्रेमगीतं असं समीकरण होतं. त्यात हे पळत्या चालीचं पॉप गाणं जिंकलं आणि स्पर्धेचा सूरच बदलला.

१९६७ मध्ये विजय मिळाला नाही, पण त्या वर्षीचं लक्झेंबर्गचं गाणं जगभर पोचलं. व्हिकी लिएन्ड्रोस ही जर्मनीत वाढलेली ग्रीक गायिका चौथी आली. तिच्या गाण्याची धून पॉल मोरिया या फ्रेंच संगीतकाराने वाद्यवृंदावर वाजवली आणि 'लव्ह इज ब्लू' या नावाने ती १९६८ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. हीच व्हिकी १९७२ मध्ये लक्झेंबर्गकडून पुन्हा उतरली आणि 'आप्रे त्वा' या गाण्याने जिंकली.

१९७३ मध्ये फ्रान्सच्याच आन-मारी दाविदने जिंकून दिलं, तेही जेमतेम ४ गुणांच्या फरकाने. तिला १२९ गुण मिळाले, दुसऱ्या आलेल्या स्पेनला १२५. ब्रिटनचा सुपरस्टार क्लिफ रिचर्ड १२३ गुणांसह तिसरा आला. पुढे १९७९ मध्ये ही आन-मारी फ्रान्सकडूनही गायली आणि तिसरी आली. पाचवा आणि आजवरचा शेवटचा विजय १९८३ चा, फ्रेंच गायिका कोरीन एर्मेसचा.

म्हणजे १९८३ साली स्थिती अशी होती की सगळ्यात जास्त विजयांचा मान फ्रान्स आणि लक्झेंबर्ग या दोघांकडे होता. आणि लक्झेंबर्गचे पाचही विजय फ्रेंच भाषेतल्या गाण्यांचे होते.

पण सगळे पाहुणेच का?

याचं उत्तर रेडिओत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये प्रसारणावर सरकारची मक्तेदारी होती. खासगी रेडिओ स्टेशन देशात उभारता येत नव्हतं. पण जाहिरातींवर चालणारी स्टेशनं फ्रान्सच्या सीमेबाहेर होती आणि तिथून फ्रान्समधल्या श्रोत्यांसाठी कार्यक्रम लागायचे. त्यातलं एक मोठं नाव म्हणजे रेडिओ लक्झेंबर्ग.

आपल्याकडे याच्याशी जुळणारं उदाहरण आहे रेडिओ सिलोनचं. १९५० च्या दशकात माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. मग अख्खा भारत 'बिनाका गीतमाला' ऐकायला लागला, आणि ती लागायची शेजारच्या छोट्या देशातून. स्टेशन सिलोनचं, श्रोते भारताचे. तसंच स्टेशन लक्झेंबर्गचं आणि श्रोते फ्रान्सचे.

लक्झेंबर्गची टीव्ही कंपनी याच रेडिओची बहीण. तिचाही मोठा प्रेक्षक सीमेपलीकडे होता. लक्झेंबर्गमध्ये १९६० च्या दशकात माणसं होती साधारण सव्वातीन लाख. एवढ्या लोकांवर जाहिरातींचा धंदा चालत नाही. त्यामुळे युरोव्हिजनला गायक निवडताना या कंपनीची नजर पॅरिसकडे असायची. तिथे गायक होते, गीतकार होते, रेकॉर्ड कंपन्या होत्या. ज्या फ्रेंच गायकाला फ्रान्सकडून संधी मिळत नव्हती, त्याला लक्झेंबर्गचं दार उघडं होतं.

मोनॅकोही तेच करत होतं. १९७१ मध्ये मोनॅको जिंकलं, तेही फ्रेंच गायिकेमुळे. त्या गाण्याचा गीतकार होता ईव्ह देस्का. पुढच्याच वर्षी जिंकलेल्या लक्झेंबर्गच्या 'आप्रे त्वा'च्या गीतकारांमध्येही तोच होता. दोन वर्षं, दोन छोटे देश, दोन विजय आणि गीतकार एकच.

जिंकलं की खर्च येतो

युरोव्हिजनची एक प्रथा आहे. जो जिंकतो, तो पुढच्या वर्षी यजमान होतो. मोठ्या देशासाठी हा मान असतो, छोट्या देशासाठी तो बजेटचा प्रश्न असतो.

लक्झेंबर्गने १९६२, १९६६, १९७३ आणि १९८४ अशी चार वेळा स्पर्धा भरवली. पण १९७३ मध्ये स्वतःच्याच देशात पुन्हा जिंकल्यावर सलग दुसऱ्या वर्षीचा खर्च नको, म्हणून १९७४ चं यजमानपद सोडून दिलं. ते बीबीसीने घेतलं आणि स्पर्धा इंग्लंडमधल्या ब्रायटन शहरात झाली. त्या रात्री तिथे कोण जिंकलं? स्वीडनचा ॲबा हा बँड, 'वॉटर्लू' या गाण्याने. पॉप संगीताच्या इतिहासातली ही प्रसिद्ध रात्र ब्रायटनमध्ये झाली, कारण लक्झेंबर्गला खर्च झेपणार नव्हता.

घरचा गायक आणला, तेव्हा काय झालं?

लक्झेंबर्गने स्वतःचे गायक कधीच पाठवले नाहीत, असं नाही. १९६० मध्ये कामिलो फेल्गेन हा लक्झेंबर्गचाच गायक गेला. त्याने लक्झेंबर्गिश भाषेत गाणं म्हटलं. युरोव्हिजनमध्ये ही भाषा पहिल्यांदाच ऐकू आली. निकाल : १ गुण, शेवटचा क्रमांक.

दोन वर्षांनी हाच फेल्गेन परत आला. या वेळी गाणं फ्रेंचमध्ये होतं. निकाल : तिसरा क्रमांक.

माणूस तोच, देश तोच. गाणं वेगळं होतं आणि इतर देशांची गाणीही वेगळी होती, त्यामुळे सगळा फरक भाषेचाच होता असं म्हणता येणार नाही. पण त्यानंतर लक्झेंबर्गिश गाणं पुन्हा यायला १९९२ उजाडलं, यावरून कंपनीने काय धडा घेतला असेल याचा अंदाज येतो.

पाहुणे आणले की विजय नक्की, असंही नव्हतं. १९७० मध्ये मूळचा नेदरलँड्सचा गायक डेव्हिड अलेक्झांडर विंटर लक्झेंबर्गकडून उतरला आणि त्याला शून्य गुण मिळाले. १९८७ मध्ये बेल्जियमचा लोकप्रिय गायक प्लास्टिक बर्ट्रंड २१ वा आला. पण पाहुण्यांमधून अधूनमधून फ्रान्स गाल निघत होती, त्यामुळे पद्धत चालू राहिली.

मग १९८० च्या दशकाच्या शेवटी चित्र बदललं. लक्झेंबर्गिशला १९८४ मध्ये कायद्याने राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळाला. १९९१ मध्ये लक्झेंबर्गिश भाषेत रोजचे टीव्ही कार्यक्रम सुरू झाले. युरोव्हिजनलाही आता घरचे गायक जास्त जाऊ लागले. १९९२ चं गाणं लक्झेंबर्गिशमध्ये होतं आणि १९९३ च्या गाण्यात फ्रेंचसोबत लक्झेंबर्गिश होती. क्रमांक आले २१ आणि २०.

नेमकं याच वेळी पूर्व युरोपातले नवे देश स्पर्धेत येऊ लागले. जागा मर्यादित होत्या, म्हणून १९९३ मध्ये तळाला असलेल्या देशांनी १९९४ मध्ये बाहेर बसायचं, असा नियम आला. लक्झेंबर्ग त्यात सापडला. १९९५ मध्ये परत यायची संधी होती, पण कंपनीने ती घेतली नाही. १९५६ ते १९९३ या काळात फक्त एकदा, १९५९ मध्ये, गैरहजर राहिलेला देश मग ३० वर्षं फिरकला नाही.

माल्टाचा हिशोब बरोबर उलटा

लक्झेंबर्गचं रेकॉर्ड नीट समजून घ्यायचं असेल, तर त्याच्या शेजारी माल्टाला ठेवून बघा. माल्टा हे भूमध्य समुद्रातलं बेट, क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर. माल्टाने युरोव्हिजन एकदाही जिंकलेली नाही.

सुरुवात सारखीच कडू होती. १९७१ आणि १९७२ मध्ये माल्टाने माल्टीज भाषेतली गाणी पाठवली. दोन्ही वेळा शेवटचा क्रमांक. १९७५ नंतर माल्टाही बाहेर पडला. १९९१ मध्ये परतला तो इंग्रजी गाणी घेऊन. तेव्हा प्रत्येक देशाने आपल्याच अधिकृत भाषेत गायचं, असा नियम होता. इंग्रजी ही माल्टाची अधिकृत भाषा असल्याने ब्रिटन आणि आयर्लंडसोबत हा फायदा माल्टालाही मिळाला. १९९१ ते १९९८ अशी सलग आठ वर्षं माल्टा पहिल्या दहात होता.

आणि हे सगळं घरच्या गायकांच्या जोरावर. १९९८ मध्ये कियारा नावाच्या गायिकेने देशाला विजयाच्या दारात नेलं. शेवटच्या देशाची, मॅसेडोनियाची मतं यायची बाकी होती आणि त्यातून माल्टाला एकही गुण मिळाला नाही. अंतिम आकडे : इस्रायल १७२, ब्रिटन १६६, माल्टा १६५.

२००२ मध्ये आयरा लॉस्को दुसरी आली, लाटव्हियापेक्षा १२ गुणांनी मागे. २००५ मध्ये कियारा पुन्हा गेली आणि दुसरी आली. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, माल्टा अंतिम फेरीत १ गुण घेऊन शेवटचा. २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं तर अंतिम फेरीच गाठता आली नाही.

आता दोन्ही रेकॉर्ड शेजारी ठेवा. एकीकडे पाच ट्रॉफ्या, पण सगळ्या पाहुण्यांनी आणलेल्या. दुसरीकडे ट्रॉफी एकही नाही, पण कियारा आणि आयरा लॉस्को ही माल्टातल्या घराघरातली नावं. कुणाचं रेकॉर्ड चांगलं? तक्ता बघितला तर लक्झेंबर्गचं. पण 'आपली पोरगी जिंकता जिंकता राहिली' असं जे माल्टाच्या लोकांना म्हणता येतं, ते म्हणायची वेळ पाच विजयांच्या काळात लक्झेंबर्गच्या लोकांवर फारशी आली नाही.

३१ वर्षांनी परत, पण अट बदलली

लक्झेंबर्ग परत येणार, ही घोषणा मे २०२३ मध्ये झाली. २०२४ च्या जानेवारीत एश-सुर-आल्झेट शहरातल्या रॉकहॉल या सभागृहात निवडीची स्पर्धा झाली. जुन्या काळात कंपनी पॅरिसमधून गायक निवडायची. आता गायकाचं लक्झेंबर्गशी ठोस नातं असलं पाहिजे, ही अट घातली गेली.

जिंकली ताली. तिचा जन्म जेरुसलेमचा, पण वाढली लक्झेंबर्गमध्ये. 'फायटर' हे तिचं गाणं फ्रेंच आणि इंग्रजीत होतं. स्वीडनमधल्या माल्मो शहरात तिने उपांत्य फेरी पार केली आणि अंतिम फेरीत २५ गाण्यांमध्ये १३ वी आली.

कुणी म्हणेल, जेरुसलेममध्ये जन्मलेली गायिका म्हणजे पुन्हा पाहुणीच की. तसं नाही. आज लक्झेंबर्गमध्ये राहणाऱ्या लोकांपैकी जवळपास निम्मे परदेशी नागरिक आहेत. शिवाय शेजारच्या तीन देशांतून दोन लाखांहून जास्त लोक रोज तिथे कामाला येतात. अशा देशात 'इथला' कोण हे जन्मगावावरून ठरत नाही. फ्रान्स गाल स्पर्धेपुरती लक्झेंबर्गची होती. ताली तिथे लहानाची मोठी झाली. फरक हा आहे.

२०२५ मध्ये लॉरा थॉर्न गेली आणि तिच्या गाण्याने जुना हिशोब थेट काढला. १९६५ च्या विजेत्या गाण्याच्या नावात शब्दांचा खेळ होता. फ्रेंचमध्ये 'सों' म्हणजे बाहुलीत भरायचा भुसा आणि 'सों' म्हणजे आवाजसुद्धा. म्हणजे मेणाची बाहुली, भुशाची किंवा आवाजाची बाहुली. दुसऱ्याने लिहिलेलं गाणारी. लॉराच्या गाण्याचं नाव 'ला पुपे मोंत ल सों', म्हणजे 'बाहुली आवाज वाढवते'. साठ वर्षांनी त्या बाहुलीला स्वतःचं म्हणणं मांडू देणारं हे गाणं होतं. स्वित्झर्लंडच्या बासेल शहरात ते २६ गाण्यांमध्ये २२ वं आलं.

मग हाती काय लागलं?

नुसत्या आकड्यांवर गेलं, तर पुनरागमन साधारणच म्हणावं लागेल. १३ आणि २२. एकेकाळी फ्रान्सच्या बरोबरीने पहिल्या क्रमांकावर असलेल्या देशाला हे शोभत नाही, असंही म्हणता येईल.

पण काळ बदललाय हे विसरून चालणार नाही. १९६५ मध्ये १८ देश होते, उपांत्य फेरी नव्हती आणि प्रेक्षकांची मतं नव्हती. आज अंतिम फेरी गाठणं हीच पहिली लढाई आहे. २०२३ पासून स्पर्धेत नसलेल्या देशांतले प्रेक्षकही ऑनलाइन मत देऊ शकतात. पॅरिसहून एक चांगला गीतकार आणला की काम झालं, असं आता होत नाही. आणि समजा लक्झेंबर्ग जिंकलाच, तर आठवडाभराच्या तीन फेऱ्या, हजारो पाहुणे आणि भलंमोठं सभागृह हे सगळं उभं करावं लागेल. रॉकहॉलची क्षमता सुमारे साडेसहा हजारांची आहे. १९७४ चा प्रश्न पुन्हा टेबलावर येईल.

आणि एक गोष्ट अजून बाकी आहे. पुनरागमनाच्या पहिल्या दोन्ही गाण्यांत लक्झेंबर्गिश भाषा नव्हती. १९६० मध्ये जिला १ गुण मिळाला, त्या भाषेला १९९३ नंतर २०२५ पर्यंत हा मंच मिळालेला नाही. लहान भाषेतलं गाणं जिंकत नाही म्हणून पाठवायचं नाही आणि पाठवलं जात नाही म्हणून ते कुणाच्या कानावर पडत नाही, हे चक्र माल्टीज भाषेनेही पाहिलंय. हे चक्र तुटूच शकत नाही, असं नाही. पोर्तुगाल १९६४ पासून हरत होता. २०१७ मध्ये साल्वादोर सोब्राल पोर्तुगीजमध्ये शांतपणे गायला आणि जिंकला. अर्थात पोर्तुगीज बोलणारे जगात कोट्यवधी आहेत, लक्झेंबर्गिश बोलणारे काही लाख.

पुढच्या वेळी 'अमुक देशाने इतक्या वेळा युरोव्हिजन जिंकली' अशी यादी तुमच्या फीडवर आली, तर त्या आकड्याच्या मागे गायक कोण, भाषा कोणती आणि पैसे कुणाचे, हे एकदा बघा. लक्झेंबर्गच्या बाबतीत ५ हा आकडा पॅरिसकडे तोंड करून बसलेल्या एका कंपनीचा होता. लक्झेंबर्गमध्ये वाढलेल्या एका मुलीने आणलेला क्रमांक १३ आहे.